शिक्षा हलकी करा, डोळेझाक नको

अमेरिकेत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. रविवारी घरी एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे सामने लागतात आणि दर थोड्या वेळाने मैदानात पिवळा फ्लॅग पडतो, म्हणजे फाऊल दिसल्याची खूण म्हणून पंच कापड टाकतात. रंगात आलेली चाल रद्द होते, पंच घोळका करून बोलत बसतात, आणि शेवटी जो फाऊल जाहीर होतो तो चार वेळा रिप्ले बघूनही पटत नाही. खेळाडू दांडगे आहेत, पैसे घेऊन खेळतात, धोका माहीत असून उतरतात. मग पंचांनी नियम जरा सैल हाताने लावले तर काय बिघडलं? प्रश्नाचा दुसरा भाग असा की मुलगा यंदा नववीत गेलाय, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये जायचं म्हणतोय, तर तिथेही पंच असेच वागतात का?

मी न्यू जर्सीत हायस्कूल फुटबॉलला पंच म्हणून उभा राहतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी नेहमीची जागा अंपायरची. या खेळात रेफरी, अंपायर, लाइन जज अशी पंचांच्या जागांना वेगवेगळी नावं आहेत. हायस्कूलमध्ये अंपायर बचाव करणाऱ्या संघाच्या लाइनबॅकरांच्या (पुढच्या रांगेमागे उभ्या राहणाऱ्या बचावपटूंच्या) आसपास, ऐन गर्दीच्या तोंडाशी उभा असतो. धराधरी आणि ढकलाढकली तिथून सगळ्यात जवळून दिसते, म्हणून तिथून दिसतं ते सांगतो.

माझं मत आधी सांगून टाकतो. सरसकट सैल सोडायला माझा विरोध आहे. ज्या फाऊलने डोकं, मान, गुडघा धोक्यात येतो तिथे तर सूट अजिबात नको. पण काही फाऊलची शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार जबर आहे, आणि लोकांचा राग बराचसा त्या शिक्षेवरच आहे. ती शिक्षा कमी करावी. पंचाने बघून न बघितल्यासारखं करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

मुळात नियम फार कडक लावले जातात हा समजच टीव्हीमुळे होतो. एनएफएलच्या एका सामन्यात किक वगैरे धरून दीडशेच्या आसपास चाली होतात, आणि दोन्ही संघ मिळून साधारण बारा-तेरा शिक्षा लागू होतात. प्रत्येक चालीत बावीस जण एकमेकांवर आदळत असतात. पुस्तकातलं अक्षर न् अक्षर लावायचं ठरवलं तर जवळजवळ दर चालीत कुणीतरी कुणाची तरी जर्सी धरलेली सापडेल. म्हणजे बहुतेक गोष्टी पंच आजही सोडतातच, आणि त्या कशा सोडायच्या हे आम्हाला शिकवलेलं असतं.

समजा आक्रमक संघाच्या पुढच्या रांगेतला गार्ड आणि समोरचा बचावपटू, म्हणजे डिफेन्सिव्ह टॅकल, भिडलेत. गार्डचे दोन्ही हात त्याच्या छातीवर आहेत आणि मुठीत जर्सीही आहे. एवढ्यावर मी फ्लॅग काढत नाही. माझी नजर त्या टॅकलच्या पायांवर आणि खांद्यांवर असते. तो सरळ समोरून रेटतोय तोवर गार्डने जर्सी धरली काय, न धरली काय, सारखंच. पण तो बाजूने निसटायला गेला, त्याचे पाय बॉलच्या दिशेने वळले आणि नेमकी तेव्हाच जर्सी ताणून त्याचा खांदा मागे फिरला, तर ते होल्डिंग, म्हणजे बेकायदा धरणं. त्यातही बॉल कुठे गेला ते बघायचं. बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक उजव्या साइडलाइनकडे पळालाय आणि ही धराधरी पार डाव्या टोकाला चाललीय, तर चालीचं त्याने काही वाकडं झालेलं नाही. अशा वेळी चाल संपल्यावर मी त्या पोराजवळून जाता जाता म्हणतो, "बहात्तर, हात आत ठेव. पुन्हा दिसलं तर फ्लॅग टाकेन." तो "येस सर" म्हणतो आणि बहुतेक पोरं ऐकतात. एखादा नाहीच ऐकत, तर त्याच्या कोचच्या कानावर घालतो, आणि कोच त्याला दोन चाली बाहेर बसवून समजावतो. शुक्रवारी रात्री माझं निम्मं काम हे असं बोलण्याचं असतं.

एनएफएलमध्येही तत्त्व हेच आहे. चुकीचा फायदा झाला का, आणि तो चालीच्या जागी झाला का, हे बघायचं. खात्री नसेल तर फ्लॅग टाकायचा नाही. डोक्याच्या आणि मानेच्या माऱ्याला मात्र उलटा नियम आहे. क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्या खेळाडूवर, दांडगाई झाली का याची शंका असेल तर रेफरीने फाऊल द्यावाच, असं एनएफएलच्या नियमपुस्तकातच लिहिलंय. कबड्डी खेळलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. चढाईला आलेल्याचा पाय धरा, कंबर धरा, चौघांनी मिळून आडवा करा. पण त्याचे केस ओढायचे नाहीत आणि तोंड दाबून दम तोडायचा नाही. होल्डिंगमध्ये पकड जास्त झालेली असते. फेसमास्क (हेल्मेटच्या पुढची जाळी) धरून मान पिरगाळणं हे त्या तोंड दाबण्याच्या जातीचं आहे. या दोन्हींना एकच "सैल" लावता येत नाही, आणि "सैल सोडा" म्हणणाऱ्यांकडून नेमकी हीच गल्लत होते.

खेळ थांबतो या तक्रारीबद्दलही थोडं. बहुतेक फाऊलमध्ये फ्लॅग पडला तरी चाल चालूच राहते, फ्लॅग त्यासाठीच आहे. १९४१ च्या ऑक्टोबरात ओहायोतल्या यंग्सटाऊन कॉलेजच्या कोचने आपल्या बायकोकडून कापडाचे फ्लॅग शिवून घेतले आणि एका सामन्यात पंचांना वापरायला दिले. त्याआधी हॉर्न नाहीतर शिट्टी वाजवायची पद्धत होती आणि त्याने मैदानात गोंधळ व्हायचा. एनएफएलने ही कल्पना १९४८ मध्ये उचलली. शिवाय ज्याच्यावर अन्याय झाला त्या संघाला शिक्षा नाकारून चालीचा निकाल तसाच ठेवता येतो. तीन तासांहून लांब प्रक्षेपणात बॉल खरोखर खेळात असतो तो जेमतेम ११ मिनिटांच्या आसपास. बाकी वेळ खाणाऱ्यांत जाहिराती आहेत, टाइमआउट आहेत, दोन चालींमधली तयारी आहे. फ्लॅगचा वाटा त्यात लहान आहे. तो डोळ्यात भरतो, कारण तो आनंदाच्या क्षणी येतो.

आता धोक्याच्या फाऊलकडे येतो. इथे सैल सोडल्यावर काय होतं याचा इतिहास या खेळाजवळ आहे. १९०५ च्या सीझनमध्ये शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर डझनाहून जास्त तरुण दगावले. त्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून हा रानटीपणा आवरायला सांगितलं. पुढच्या वर्षी फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकणं, कायदेशीर झाला आणि दोन संघांच्या मध्ये बॉलच्या लांबीएवढी मोकळी पट्टी आली. आज ज्या लांब पाससाठी लोक टीव्हीसमोर बसतात, तो पास त्या सुधारणेतून आलाय.

त्याहून मोठा धडा १९७६ चा. हेल्मेट कडक आणि भक्कम झाली तशी पोरं डोकं खाली घालून, हेल्मेटच्या टोकाने समोरच्यावर धडकायला लागली. मानेचे मणके तुटायला लागले. हायस्कूल आणि कॉलेजने १९७६ मध्ये डोक्याने धडकण्यावर बंदी घातली. मानेच्या दुखापतीने हातापायांतली शक्ती कायमची गेलेल्या खेळाडूंची संख्या १९७६ च्या सीझनमध्ये ३४ होती, ती १९८४ मध्ये ५ वर आली. बंदीनंतर मैदानात फार फ्लॅग पडले म्हणून हे झालं, असं नाही. या फाऊलचे फ्लॅग फारसे पडत नव्हतेच. पण नियम झाल्यावर कोचनी शिकवणं बदललं, "डोकं वर, खांदा आधी" हे रोजच्या सरावात आलं. जे पंच शिक्षापात्र धरतात तेच कोच टाळायला शिकवतात. म्हणून या बाबतीत पंचांनी ढिलाई दाखवली की ती आधी सरावाच्या मैदानावर पोचते आणि नंतर सामन्यात दिसते.

१९७८ मध्ये न्यू इंग्लंड संघाचा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) डॅरिल स्टिंगली सीझनआधीच्या सामन्यात एका धडकेने जन्माचा अपंग झाला. त्या धडकेवर फ्लॅग पडला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती बसत होती. आज हवेत हात पसरलेल्या, स्वतःला वाचवू न शकणाऱ्या रिसीव्हरच्या डोक्यावर किंवा मानेवर मारणं हा १५ यार्डांचा फाऊल आहे, म्हणजे समोरच्या संघाला तेवढी जागा पुढे मिळते. तो फ्लॅग पडला की अनेक प्रेक्षक चिडतात, पूर्वी चाललं असतं म्हणतात. पूर्वी चालत होतं हे खरं आहे, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांची यादी लांब आहे. मेंदूच्या दुखापतींवरून हजारो माजी खेळाडूंनी लीगला कोर्टात खेचलं तेव्हा २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीची घोषणा करावी लागली, आणि पुढे तर त्या रकमेवरची मर्यादाही काढून टाकली गेली.

पण सुरक्षेच्या नावाखाली काहीही चालतं असंही नाही. २०१७ मध्ये ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स याच्यावर मिनेसोटाचा अँथनी बार पूर्ण वजनानिशी पडला आणि रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं. पुढच्या सीझनला लीगने क्वार्टरबॅकवर अंगाचं सगळं वजन टाकून पडण्याविरुद्धचा नियम जोरात लावायला सुरुवात केली. पहिल्या तीन आठवड्यांत अशी काही टॅकल (खेळाडूला धरून पाडणं) दंडित झाली की बचावपटूने करायचं काय, हे कुणालाच सांगता येईना. ११५-१२० किलोचा माणूस पळत येऊन मिठी मारतो तेव्हा हवेत दिशा कशी बदलणार? मायामीचा विल्यम हेज असं वजन टाकणं टाळायला गेला आणि त्याच्याच गुडघ्याचा लिगामेंट तुटला. त्यानंतर लीगच्या समितीने पंचांना व्हिडिओ दाखवून रेषा स्पष्ट केली आणि फ्लॅग कमी झाले. मला इथे महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी पंचांना "सोडून द्या" असं सांगितलं नाही. फाऊल म्हणजे नेमकं काय, ते पुन्हा समजावलं.

तरीही २०२२ च्या ऑक्टोबरात लागोपाठ दोन दिवसांत दोन फ्लॅग पडले, ते आजही बचावपटूंच्या मनात सलतात. अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटने क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला साध्या पद्धतीने खाली आणलं आणि फाऊल झाला. दुसऱ्या दिवशी कॅन्सस सिटीच्या क्रिस जोन्सने क्वार्टरबॅक डेरेक कारकडून बॉल हिसकावून घेतला, बॉल त्याच्या हातात होता, तरी वजन टाकल्याबद्दल फाऊल झाला. माझ्या मते दोन्ही फ्लॅग चुकीचे होते. पण रेफरीपुढचा पेच बघा. नियम सांगतो, शंका आली तर फ्लॅग टाक. आणि त्या फ्लॅगला एकच किंमत आहे, १५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाऊन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला चार नव्या संधी (एक संधी म्हणजे एक डाऊन). थोडी शंका असो की सरळ दांडगाई असो, शिक्षा तीच.

यावर उपाय याच खेळात आहे. पंट मारणाऱ्याला (हातातून सोडलेला बॉल लाथेने लांब उडवणाऱ्याला) नुसता धक्का लागला तर ५ यार्ड, त्याला इजा होईल असा आदळला तर १५ यार्ड, अशा दोन पायऱ्या एनएफएलमध्ये कधीपासून आहेत. हायस्कूलमध्ये फेसमास्कलाही दोन पायऱ्या आहेत. बोटं नकळत अडकली तर ५ यार्ड, धरून ओढलं किंवा पिरगाळलं तर १५. मी दोन्ही वापरतो आणि सांगतो, पायऱ्या असल्या की पंचाचं डोकं शांत राहतं. पोराची बोटं फेसमास्कला लागून निघाली, मान हलली नाही, मी ५ यार्ड देतो. कोच कुरकुरत नाही, पोरगं समजतं. क्वार्टरबॅकच्या बाबतीतही अशी ५ यार्डांची, आपोआप फर्स्ट डाऊन नसलेली पायरी हवी. डोकं, मान आणि गुडघा यांच्यासाठी १५ राहू दे. २०२४ पासून रिप्लेची खोली काही बाबतींत रेफरीला क्वार्टरबॅकवरच्या दांडगाईचा उघड चुकीचा फ्लॅग उचलायला सांगू शकते, तेही चांगलं झालं.

आता "खेळू द्या" म्हणणाऱ्यांचा सगळ्यात आवडता प्रांत, म्हणजे होल्डिंग आणि रिसीव्हरशी झोंबाझोंबी. इथे माणसं इजेला घाबरत नाहीत, म्हणून सैल सोडणं निरुपद्रवी वाटतं. पण पंचाने काहीच केलं नाही तरी कुणाला ना कुणाला फायदा होतोच. जानेवारी २००४ मध्ये न्यू इंग्लंड आणि इंडियानापोलिस यांचा एएफसीचा, म्हणजे एनएफएलच्या दोन गटांपैकी एकाचा, अंतिम सामना झाला. न्यू इंग्लंडच्या बचावपटूंनी रिसीव्हरांना दिवसभर धरलं, ढकललं, आणि पंचांनी बरंच चालू दिलं. नियम तर १९७८ पासून होता की पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला हात लावायचा नाही. त्याआधीच्या वर्षी एनएफएलमध्ये संघाचे सरासरी गुण १७ च्या आसपास घसरले होते आणि पिट्सबर्गच्या मेल ब्लाउंटसारखे कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर लक्ष ठेवणारे बचावपटू) रिसीव्हरला पळूच देत नव्हते, म्हणून तो आला होता. त्या जानेवारीच्या सामन्यानंतर लीगने नवा नियम केला नाही, जुनाच नियम कडक लावायला सांगितला. त्याच वर्षी इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने ४९ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकून डॅन मरिनोचा १९८४ पासूनचा ४८ चा विक्रम मोडला. नियम तोच असून केवळ अंमलबजावणीने सगळा खेळ बदलला.

याच्या उलटा प्रयोग २०१९-२० मध्ये झाला. २०१९ च्या सुरुवातीला आक्रमक संघाच्या होल्डिंगवर इतके फ्लॅग पडले की एका गुरुवारच्या सामन्याच्या वेळी टॉम ब्रेडीनेच ट्विटरवर त्रागा केला. लीगने पंचांशी बोलून लगाम घातला. २०२० मध्ये तर स्पष्ट आणि उघड असेल तेच होल्डिंग धरायचं असं धोरण होतं, आणि त्या फाऊलचे फ्लॅग खूप कमी झाले. त्या सीझनमध्ये एनएफएलच्या इतिहासातले सर्वाधिक गुण झाले. प्रेक्षागृहं रिकामी होती, आक्रमक संघांना आवाजाचा त्रास नव्हता, त्याचाही हात असणार. पण पास रशरला (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या बचावपटूला) दोन क्षण जास्त धरून ठेवता आलं की क्वार्टरबॅकला दोन क्षण जास्त मिळतात, हे कुठल्याही लाइनमनला विचारा. प्रेक्षक खूश झाले. बचावाच्या ओळीत रोज मार खाणाऱ्या माणसांना ती मोकळीक महागात पडली. म्हणून "पंचांनी सैल सोडावं" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुणाच्या बाजूने सैल?

शेवटच्या दोन मिनिटांचा मुद्दा यालाच लागून येतो. कितीतरी लोकांना वाटतं की अटीतटीच्या वेळी तरी पंचांनी शिट्टी खिशात ठेवावी, खेळाडूंनाच निकाल लावू द्यावा. २० जानेवारी २०१९ ला न्यू ऑर्लिन्समध्ये नेमकं तसं झालं. तिथला संघ सेंट्स आणि पाहुणा संघ रॅम्स २०-२० वर होते, शेवटची दोनेक मिनिटं राहिली होती. रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन हा बॉल पोचायच्या कितीतरी आधी सेंट्सच्या टॉमीली लुईसवर जाऊन आदळला. फ्लॅग पडला नाही. सेंट्सना टचडाऊनजवळ फर्स्ट डाऊन मिळून घड्याळ संपवता आलं असतं. तसं न होता फील्ड गोल (लाथेने मारलेला तीन गुणांचा गोल) मारून बॉल द्यावा लागला, रॅम्सनी बरोबरी केली आणि जादा वेळेत २६-२३ ने सामना घेऊन सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, गेले. त्या दिवशी खेळाडूंनी निकाल लावला असं न्यू ऑर्लिन्समध्ये कुणी म्हणून दाखवावं. लीगने घाईघाईत २०१९ साठी पास इंटरफिअरन्स (बॉल झेलू पाहणाऱ्याला आधीच अडवण्याचा फाऊल) रिप्लेत तपासायची सोय केली, आणि वर्षभरात ती गुंडाळली, कारण थांबवलेल्या चित्रात प्रत्येक स्पर्श फाऊलसारखा दिसतो आणि नक्की कुठे रेषा मारायची हे रिप्लेच्या खोलीतही ठरेना.

याची दुसरी बाजू फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलची. ३५-३५, दोन मिनिटांच्या आत वेळ, कॅन्सस सिटीचा तिसरा डाऊन. फिलाडेल्फियाच्या जेम्स ब्रॅडबेरीने रिसीव्हर जुजू स्मिथ-शुस्टरची जर्सी धरली आणि फ्लॅग पडला. कॅन्सस सिटीने घड्याळ संपवत नेऊन फील्ड गोल मारला, ३८-३५. अशा क्षणी असा फ्लॅग टाकतात का, म्हणून देशभर ओरड झाली. ब्रॅडबेरीने मात्र सामन्यानंतर सरळ सांगितलं की मी धरलं होतं, सोडून देतील अशी आशा होती. मला तो फ्लॅग बरोबर वाटतो. रिसीव्हर आत जाऊन बाहेर वळत होता, नेमका त्या वळणावर जर्सीने त्याला मागे ओढलं. पहिल्या क्वार्टरमध्ये जे होल्डिंग आहे ते चौथ्यात वेगळं होत नाही. ज्यांनी तक्रार केली की आधी तसेच स्पर्श सोडले होते, त्यांची तक्रार रास्त असू शकते. पण त्याचा इलाज पहिल्या क्वार्टरपासून धरणं हा आहे.

आणि हे "पहिल्यापासून धरणं" का होत नाही, त्याचं कारण पुन्हा किंमतीत आहे. एनएफएलमध्ये बचावपटूने पास इंटरफिअरन्स केला की बॉल सरळ फाऊलच्या जागी जातो. ४५ यार्डांवर हात लागला तर ४५ यार्ड, एका फ्लॅगला. कॉलेजमध्ये ही शिक्षा जास्तीत जास्त १५ यार्ड. हायस्कूलमध्ये १५ यार्ड, आणि २०१३ पासून आपोआप फर्स्ट डाऊनही नाही. मी हा बदल मैदानात अनुभवलाय. पूर्वी चौथ्या डाऊनला वीस यार्ड हवे असताना असा फ्लॅग टाकला की सगळा सामना फिरायचा, आणि पंचाचा हात आखडायचा. आता १५ यार्ड दिले तरी चौथा डाऊन कायम राहतो, खेळ खेळाडूंच्या हातात राहतो, आणि फाऊल दिसला तर तो देताना मन कचरत नाही. जबर शिक्षा असली की पंच दोन प्रकारे वागतात. काही जण घाबरून टाकतच नाहीत, काही जण पुस्तकाला चिकटून टाकतात, आणि प्रेक्षकाला आज एक आणि उद्या दुसरं दिसतं. एनएफएलनेच १९७४ मध्ये आक्रमक संघाच्या होल्डिंगची शिक्षा १५ वरून १० यार्डांवर आणली होती, तेव्हा काही आकाश कोसळलं नाही. पास इंटरफिअरन्सलाही दोन पायऱ्या करा. मुद्दाम पाडलं, नक्की टचडाऊन अडवला, तर फाऊलची जागा. बाकी वेळी १५ यार्ड. बचावातल्या होल्डिंगचे ५ यार्ड ठेवा, पण तिसऱ्या डाऊनला अठरा यार्ड हवे असताना त्यावर फुकट मिळणारा फर्स्ट डाऊन काढून टाका. एवढं केलं तर निम्मी आरडाओरड शांत होईल, असं मला मनापासून वाटतं.

फॉल्स स्टार्ट (बॉल सुटायच्या आधीच हलणं), ऑफसाइड (रेषेच्या पुढे असणं), रांगेत चुकीचं उभं राहणं, यात सैल-कडक असा वाद मला कळतच नाही. रेषा आहे, पाय तिच्या पुढे आहे किंवा नाही. २०२३ च्या सलामीला कॅन्सस सिटीच्या आक्रमक रांगेतला टॅकल जवान टेलर रांगेच्या मागे सरकून उभा राहत होता आणि बॉल सुटायच्या आत हलत होता, ते देशाने टीव्हीवर बघितलं. चालू दिलं गेलं, आणि पुढच्याच सामन्यात त्याच्यावर पाच फ्लॅग पडले. आठवड्याभरात मापदंड बदलला की खेळाडूचीही फरफट होते.

राहिला मुलाचा प्रश्न. एनएफएलमध्ये ३२ संघ आणि प्रत्येकी ५३ खेळाडू, म्हणजे सतराशेच्या आत माणसं. हायस्कूलमध्ये दहा लाखांच्या आसपास मुलं खेळतात आणि ती रविवारी जे बघतात ते पुढच्या आठवड्यात करून बघतात. २०२४ मध्ये एनएफएलने कमरेला धरून, स्वतःचं वजन टाकून समोरच्याच्या पायांवर बसण्याचं टॅकल बंद केलं. मैदानात त्याचे फ्लॅग जवळजवळ पडलेच नाहीत, दंड नंतर फिल्म बघून झाले. तरी आमच्याकडचे कोच दुसऱ्याच महिन्यात पोरांना ते करू नका म्हणून सांगायला लागले होते. मोठ्यांच्या लीगमधली कडक नजर माझ्या मैदानापर्यंत पोचते ती अशी.

तुमच्या मुलाच्या शाळेत पंच एनएफएलपेक्षा कमी फ्लॅग टाकताना दिसतील, कारण आम्ही बोलून पुष्कळ काम भागवतो. पण काही गोष्टींत हायस्कूलचा पंच जास्त कडक असतो. चालीच्या आधी ज्याचा माउथपीस (दात वाचवणारं कवच) तोंडात नाही तो मला दिसला तर मी खेळ सुरू होऊ देत नाही. चालीत हेल्मेट निघालं, आणि ते समोरच्याच्या फाऊलमुळे नसेल, तर त्या मुलाला एक चाल बाहेर बसावंच लागतं. मुलगा पडून उठला आणि पाय अडखळले, नजर भिरभिरली, चुकीच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला, तर मी घड्याळ थांबवून त्याला बाहेर पाठवतो. नियमाने तो आरोग्यतज्ज्ञाने तपासून परवानगी दिल्याशिवाय परत येत नाही. तो कॅप्टन असो, स्कोअर काहीही असो. स्टँडमधून पालक ओरडतात, कधी त्या मुलाचे स्वतःचे वडील ओरडतात की त्याला काही झालेलं नाही, खेळू द्या.

मुलाला टीममध्ये घालण्याआधी एकदा सरावाला जाऊन उभ्या राहा. कोच टॅकल शिकवताना डोकं कुठे ठेवायला सांगतो ते ऐका, हेल्मेट कोण बसवून देतं आणि दर आठवड्याला तपासतं का ते विचारा, मैदानावर ॲथलेटिक ट्रेनर (दुखापती बघणारा तज्ज्ञ) असतो का ते विचारा. या तिन्हींची उत्तरं सरळ मिळाली तर त्याला खेळू द्या.